वाहतूक कोंडीचे गणित आणि नगरनियोजन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विसाव्या शतकात मोटारींची संख्या वाढत गेली, तसा महानगरांतील वाहनांच्या रांगांचा प्रश्न तीव्र झाला. रस्ता अरुंद म्हणून रांग लागते, तेव्हा तो रुंद करावा, हा त्यावरील सर्वत्र रूढ झालेला उपाय होय. त्याची किंमत रस्त्याकडेच्या वस्त्यांना मोजावी लागते. या समजुतीला गणिताने कसा छेद दिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गणितीय विचाराचा विकास :
ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यात छायाचित्रांच्या साहाय्याने वाहनांचा वेग व घनता मोजली. घनता वाढते त्या प्रमाणात वेग घटतो, असे त्यांनी १९३५ मध्ये मांडले. समजा, मोकळ्या रस्त्यावरील वेग ताशी ६० किलोमीटर आहे आणि किलोमीटरमागे १२० वाहने झाल्यास वाहतूक थांबते. या सूत्रानुसार ६० वाहने असताना वेग ३० राहतो व तासाला १८०० वाहने पुढे जातात. ९० वाहने झाल्यास वेग १५ वर येऊन १३५० वाहनेच जातात. म्हणजे ऐन गर्दीत रस्त्याची वाहून नेण्याची शक्तीच घटते.

१९५२ मध्ये इंग्लंडमधील जॉन वॉर्ड्रॉप यांनी मार्गनिवडीचा विचार केला. प्रत्येक चालक स्वतःचा वेळ वाचवू पाहतो. परंतु त्यातून साधणारा समतोल सर्वांच्या हिताचा असेलच असे नाही. १९६८ मध्ये जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी तर नवा रस्ता जोडल्याने काही परिस्थितीत सर्वांचाच प्रवास लांबतो, हे सिद्ध केले.

नियोजनातील परिवर्तन :
सिंगापूरने १९७५ मध्ये सकाळच्या गर्दीत मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींना शुल्क लावले. बसगाड्या व चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारी यांना त्यातून सूट होती. वाहनांऐवजी माणसे मोजण्याची ही दृष्टी महत्त्वाची ठरते. १९९८ मध्ये तेथे इलेक्ट्रॉनिक आकारणी सुरू झाली. स्टॉकहोममध्ये २००६ साली सात महिने असाच प्रयोग झाला. शुल्कसीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. रांगांतील विलंब मात्र त्याहून अधिक प्रमाणात कमी झाला. ग्रीनशील्ड्स यांच्या सूत्राशी हा अनुभव सुसंगतच आहे. त्याच वर्षी नागरिकांनी सार्वमतात शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ पासून ते कायम झाले.

समारोप :
रांग ही केवळ रस्त्याच्या रुंदीची नव्हे, तर व्यक्तिगत निवड व सार्वजनिक हित यांतील विसंगतीची समस्या आहे, हे या इतिहासातून स्पष्ट होते. तथापि, शुल्क धनिकास जाणवत नाही आणि अल्प उत्पन्नाच्या माणसास मात्र जाचते. रांग कशी कमी होईल, हे गणित सांगते. तिचा भार कोणी वाहावा, हे समाजालाच ठरवावे लागते. शुल्काबरोबर सक्षम बससेवा दिली, तरच तो निर्णय न्याय्य ठरेल.