शेवटची पंगत

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीवृंदावनापाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, ही रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. कारीट म्हणजे नरकासुर. ते फुटले, की मुले फटाक्यांकडे धावतात आणि मोठी माणसे फराळाच्या ताटाकडे वळतात. पण पुराणातली कथा असुराच्या वधापाशी संपत नाही. प्राग्ज्योतिषपूरच्या त्या राजाने सोळा हजारांहून अधिक स्त्रिया बंदीत घातल्या होत्या. श्रीकृष्णाने त्याला मारले आणि मग बंदीखान्याची दारे उघडली. बाहेर आलेल्या त्या स्त्रियांना ना माहेर उरले होते, ना सासर. परक्याच्या कैदेत राहून आलेल्या बाईला घरात कोण घेणार? कृष्णाने त्यांना आपले नाव दिले, आपले घर दिले. दुष्टाचा अंत झाला हा कथेचा अर्धा भाग. कोण सुटले आणि सुटल्यावर त्यांना कोणी जवळ केले, हा उरलेला अर्धा. दिवाळी खरी या दुसऱ्या अर्ध्याची आहे.

ही गोष्ट मनात ठेवून मी वाचकांना आज एका वेगळ्या सणाकडे नेणार आहे. तो सण अजून झालेला नाही. दुष्टाव्याचा कायमचा पाडाव झाल्यावर स्वर्गात एक मोठा आनंदोत्सव होईल, अशी ख्रिस्ती लोकांची आशा आहे. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती घरे आहेत. नाताळात त्यांच्या दारावरचा कागदी तारा आपण पाहतो. पण त्या ताऱ्यामागची ही शेवटची आशा काय आहे, ती मराठीत कशी आली आणि येथे तिने काय घडवले, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

बायबलच्या नव्या करारातले शेवटचे पुस्तक 'प्रकटीकरण' या नावाचे आहे. ते लिहिणारा योहान हा एजियन समुद्रातल्या पात्मोस नावाच्या लहानशा बेटावर होता. पुष्कळ विद्वान त्याचा काळ इसवी सन ९५ च्या सुमाराचा, म्हणजे रोमन बादशहा डोमिशियन याच्या अमदानीचा मानतात. रोमची सत्ता तेव्हा भर माध्यान्हीच्या सूर्यासारखी तळपत होती. तिचे नाव घेऊन लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून योहान 'बाबेल' असे जुने नाव वापरतो. या बाबेलच्या बाजारात कोणकोणता माल येतो, याची त्याने यादी दिली आहे. सोने, चांदी, मोती, रेशीम, हस्तिदंत, मसाले, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ. आणि यादीच्या अगदी शेवटी माणसे! योहानाचा असुर असा आहे. त्याला दहा शिंगे आणि सात डोकी असली, तरी त्याचा धंदा आपल्या ओळखीचाच आहे.

हे नगर कोसळते आणि त्यानंतर जेवणावळ बसते. ती लग्नाची जेवणावळ आहे. नवरदेव कोण, तर 'कोकरा'. विजयी वीर म्हणून सिंह यायचा, तेथे कापले गेलेले कोकरू येते. मार खाल्लेला, वधस्तंभावर मेलेला ख्रिस्त हाच जिंकलेला, असा त्याचा अर्थ. याच ठिकाणी 'हालेलूया' हा जयघोष उठतो. सबंध नव्या करारात हा शब्द फक्त या एका अध्यायात येतो आणि तोही चार वेळा. नंतरच्या अध्यायांत नवे नगर उतरते, त्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत आणि देव स्वतः माणसांच्या डोळ्यांतले पाणी पुसतो. ही कल्पना योहानाच्याही पूर्वीची आहे. यशया या यहुदी संदेष्ट्याने शेकडो वर्षे आधी डोंगरावर सर्व राष्ट्रांसाठी मांडलेल्या मेजवानीचे आणि मृत्यू गिळला जाण्याचे चित्र काढले होते. आपल्याकडे हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याने होते. ज्याची त्याची शिदोरी एकत्र कालवून सर्वांच्या हातावर पडते. जगाच्या सप्ताहाची सांगताही अशीच व्हावी, असे म्हणणे मराठी मनाला परके वाटू नये.

या आशेत आणखी एक गोष्ट आहे. कोणत्याही लढाईत विजयाचा दिवस सर्वांना दिसत नाही. आमच्या गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी चाल केली, त्यात सात जण कामी आले. पंधरा ऑगस्टचे झेंडे त्यांनी पाहिले नाहीत. प्रकटीकरणात असेच मारले गेलेले लोक वेदीखालून विचारतात, "अजून किती दिवस?" त्यांना पांढरी वस्त्रे देऊन थोडे थांबायला सांगितले जाते. म्हणजे शेवटच्या पंगतीत मेलेल्यांचेही पान मांडलेले आहे. मागे राहिलेल्यांनी गोडधोड खावे आणि गेलेल्यांच्या तसबिरीला हार घालावा, एवढ्यावर ही आशा समाधान मानत नाही.

मराठीत हा विषय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो गोव्यातून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टी भागात राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. कानांना ओवीची सवय, आणि ऐकायला काही नाही. त्यांच्यासाठी स्टीफन्सने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला त्याने शब्द वापरला तो 'वैकुंठ'. विल्टशायरच्या माणसाने वैकुंठाची वाट मराठी ओवीतून सांगावी, ही आपल्या भाषेच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही.

परंतु इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांची देवळे आधी उद्ध्वस्त झाली होती, हे त्यामागचे कारण. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावप्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशीवाचून मारून टाकले. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होता. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले, ते मधल्या काही वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांनी 'दुष्ट कोण' हे आपल्या सोयीने ठरवले. बाबेलच्या पतनाचे पुस्तक पूजेला ठेवून बाबेलसारखेच वागता येते, याचा हा दाखला आहे. मग या आशेचे खरे-खोटे ओळखायचे कशावरून? माझ्या मते, नरकासुराच्या कथेतलीच कसोटी येथेही लावावी. दारे उघडली का? कोण सुटले? आणि सुटलेल्यांना पान मिळाले का?

'हालेलूया' या जयघोषाला जगप्रसिद्ध संगीत दिले ते हँडेलने, आपल्या 'मसाया' या रचनेत. ती पहिल्यांदा गाइली गेली १३ एप्रिल १७४२ रोजी, डब्लिन शहरात. त्या कार्यक्रमाच्या उत्पन्नाचा एक वाटा कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी होता. त्या पैशांतून १४२ कैदी सुटले. स्वर्गातल्या जयघोषाच्या पहिल्या प्रयोगालाच पृथ्वीवरच्या तुरुंगाची दारे उघडली. कसोटीला उतरणारे उदाहरण असे असते.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून मोठे आहे. पण त्यासाठी आधी आपल्याकडची पंगत आठवली पाहिजे. पूर्वीच्या दिवसांत गावात लग्न निघाले, की पहिली पंगत मानकऱ्यांची, मग पाहुण्यांची, मग गावाची. बायका उठल्या-बसल्या वाढत राहायच्या आणि शेवटच्या पंगतीला उरलेसुरले घेऊन बसायच्या. महारवाडा, मांगवाडा म्हणत त्या वस्त्यांतली माणसे मांडवाबाहेर टोपली घेऊन वाट पाहत असत. उच्चवर्णीय घरातल्या विधवेची तऱ्हा तर याहून वेगळी. तिचे केस उतरलेले, अंगावर लाल आलवण. स्वयंपाकघरात तिने राबावे, पण मांडवात सामोरे येऊ नये. तिचे दर्शन म्हणजे अपशकुन! अशा माणसांना जगाचा शेवट लग्नाच्या जेवणाने होणार आहे आणि त्याचे आमंत्रण तुलाही आहे, हे सांगणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

पंडिता रमाबाईंनी तो केला. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मली. वडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराणे सांगत त्यांचे बालपण गेले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. अर्थात नरकासुराच्या बंदीतल्या स्त्रियांची कथा त्यांना कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले आणि कडेवर मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवांसाठी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते म्हणून १८९३ साली त्यावर मोठे वादळ उठले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते, असे मला वाटते.

मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात जे घडले, त्याविषयी वाद नाही. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली व बायका गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. भुकेने माणसाचे काय होते, हे त्यांनी पोरवयात आपल्याच घरात पाहिले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'मुक्ती'. तेथे आंधळ्यांना शिकवण्याची सोय होती, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होते, म्हाताऱ्या-अपंगांना आसरा होता. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना बायकांनी चालवला. ज्यांना समाजात शेवटच्या पंगतीलाही पान नव्हते, त्यांची येथे पहिली पंगत बसली. ती संस्था आजही चालू आहे.

आणि याच छापखान्यासाठी रमाबाईंनी उत्तरायुष्यातली वर्षे एका कामात घातली. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल साध्या मराठीत आणले. आधीचे भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, ते नुकतेच अक्षर शिकलेल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. शेवटच्या पंगतीचे निमंत्रण ज्यांना होते, त्यांना ते आपल्या डोळ्यांनी वाचता यावे, एवढाच हट्ट. १९२१ साली मनोरमा वारली. ज्या मुलीच्या हाती सारे सोपवायचे, तीच आधी गेली. रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. आपण मांडलेले पान भरलेले पाहणे त्यांच्याही नशिबी नव्हते.

स्वर्गातल्या सुखाच्या आशेने माणसे येथे हातपाय गाळून बसतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. उद्याच्या लाडवाचे नाव सांगून आजच्या भाकरीचा प्रश्न टाळणारे सर्व धर्मांत निघाले आहेत. पण केडगावचा हिशेब उलटा आहे. शेवटी सगळ्यांना जेवायला बसवायचे आहे, हे ज्या बाईला पक्के ठाऊक होते, तिने आधी चुलीवर भांडे चढवले. ज्याला सणाची तिथी निश्चित माहीत असते, तोच घर सारवायला लागतो. कधी येईल न येईल अशा सणासाठी कोणी रांगोळी काढत नाही.

या आशेवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. परंतु तिचे मोजमाप मात्र आपल्यालाही उपयोगी पडेल. यंदा कारीट फुटेल, पणत्या लागतील, फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील. ती कोणत्या दारापर्यंत जातात आणि कोणत्या दारापाशी मागे फिरतात, एवढे पाहावे. नरकासुर किती मेला, हे त्यावरून कळते.