लिंक गेली कुठे?

बँकेत लागलो तेव्हा आम्हांला पुष्कळ गोष्टी शिकवण्यात आल्या. नोटा मोजाव्यात कशा, सही ताडावी कशी, फाटकी नोट घ्यावी केव्हा आणि हसून परत करावी केव्हा. पण पुढची वीस वर्षं ज्या एका वाक्याच्या आधारावर मी काउंटर सांभाळला, ते कोणत्याच प्रशिक्षणात नव्हतं. ते आपोआप अंगात मुरलं. ते वाक्य म्हणजे, ‘लिंक नाही.’

या दोन शब्दांचं सामर्थ्य काउंटरच्या पलीकडे उभं राहणाऱ्याला कळायचं नाही. भांडायला बाह्या सरसावून आलेला माणूसदेखील ‘लिंक नाही’ म्हटलं की निमूटपणे बाकावर जाऊन बसतो. पाऊस नाही, पाणी नाही, तशी लिंक नाही. देवाची करणी! तिथे कारकून काय करणार?

अपवाद एकच. दर एक तारखेला पेन्शन न्यायला येणाऱ्या एक आजी. त्यांना मी एकदा सवयीने म्हटलं, “आजी, लिंक नाही.”

“नाही म्हणजे? गेली कुठे?”

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी गोंधळून वर बोट केलं. आजींनी वर पाहिलं. वर पंखा होता. “बरं,” म्हणून त्या बाकावर बसल्या, आणि साडेचार तासांनी, शाखा बंद व्हायच्या वेळी, पैसे न घेता उठून गेल्या. जाताना त्यांनी पुन्हा एकदा पंख्याकडे पाहिलं.

हे मी विसरूनही गेलो असतो. पण नियतीने तोच प्रश्न माझ्या घरी आणून ठेवला.

कन्येच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख होती. मुदत रात्री बारापर्यंत, आणि आमच्या घराण्याच्या परंपरेप्रमाणे अर्ज भरायला आम्ही रात्री आठला बसलो. सव्वाआठला इंटरनेट गेलं. पाच मिनिटांनी आलं. अर्ध्या पानावर पुन्हा गेलं. मी कंपनीच्या तक्रारकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, “सर, राऊटर बंद करून चालू करा.” मी केला. सहा वेळा केला. मग दोन तास कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमच्या हिचं म्हणणं पडलं, की जो माणूस दिवसभर लोकांना ‘लिंक नाही’ सांगतो त्याच्या घरी दुसरं काय होणार?

माझा आवाज ऐकून शेजारचे नाना बनियनवरच आले. नाना म्हणजे तारखात्यात उमेदवारी करून पुढे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी राऊटरकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, “कुठपर्यंत आहे ते पाहिलंस का?”

“नाहीच आहे, नाना!”

“नाही कसं? कुठपर्यंत तरी असतंच. तार तुटली हे काय, शेंबडं पोरही सांगेल. कुठे तुटली ते सांग.”

मग नानांनी संगणकावर एक काळी खिडकी उघडली आणि ‘पिंग’ असा शब्द टंकला. पिंग म्हणजे निव्वळ हाक. आपण पत्ता देऊन विचारायचं, “आहेस का?” पलीकडचं यंत्र म्हणतं, “आहे.” आणि उत्तर यायला किती वेळ लागला तेही समोर दिसतं, सेकंदाच्या हजाराव्या भागात. घरातल्या माणसांनी इतक्या तत्परतेने ‘ओ’ दिलेली माझ्या आठवणीत नाही.

नानांची रीत अशी. पहिली हाक स्वतःला. संगणक स्वतःलाच १२७.०.०.१ या पत्त्यावर विचारतो, “बाबा रे, तू शुद्धीवर आहेस ना?” दुसरी हाक घरातल्या राऊटरला, आमच्याकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. तिसरी बाहेरच्या एखाद्या यंत्राला, त्याच्या आकडी पत्त्यावर. चौथी त्यालाच, पण नाव घेऊन. कारण नावावरून आकडा शोधून देणारा एक निराळा खाजगी सचिव असतो आणि कधीकधी बाकी सगळं शाबूत असून तोच रजेवर असतो. ज्या हाकेला उत्तर येणार नाही, त्याच्या अलीकडे मोडतोड. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बॅलन्स जुळत नसला की आमचे जुने हेडक्लार्क याच चालीने एकेक लेजर उघडत जात. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ केलेत हे ते लेजर न उघडताच सांगत.

पहिल्या हाकेला उत्तर आलं. दुसरीला, म्हणजे खुद्द घरातल्या राऊटरला मारलेल्या हाकेला, तीनदा उत्तर आलं आणि चौथ्यांदा नाही! नानांनी हाक अखंड चालू ठेवली. कन्येला पडद्यासमोर बसवून ओरडायला सांगितलं आणि मला कपाटामागे घातलं. ती ओरडत होती, “आहे, आहे, आहे…” मी एकेक वायर हलवत होतो. संगणकाच्या पाठीमागची वायर हलवली मात्र, ती किंचाळली, “नाही!” वायरच्या टोकाची प्लॅस्टिकची इवलीशी जीभ तुटली होती. दिवाळीच्या साफसफाईत कपाट मीच ढकललं होतं. कंपनीच्या पिढ्यांची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. अकरा चाळीसला अर्ज गेला.

पण त्या ‘आहे, आहे’ने माझी झोप घेतली. ही हाक पहिल्यांदा मारली कुणी? मी आपला बी. कॉम. माणूस. पण जमाखर्च असो की इतिहास, मूळ नोंद पाहिल्याशिवाय आमच्या जिवाला चैन नाही.

मूळ नोंद सापडली ती २९ ऑक्टोबर १९६९ ची, रात्री साडेदहाची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेतल्या संगणकाला पहिला निरोप जायचा होता. ‘लॉगिन’ एवढा एकच इंग्रजी शब्द. लॉस एंजलिसला चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी, पलीकडे बिल ड्युव्हॉल, आणि दोघांच्या कानाला साधा टेलिफोन! क्लाइनने ‘एल’ टंकला आणि फोनवर विचारलं, आला का? आला. ‘ओ’ टंकला. आला का? आला. ‘जी’ टंकला आणि पलीकडचा संगणक आडवा झाला. म्हणजे पुढे जे इंटरनेट झालं त्याचा पहिला निरोप अडीच अक्षरांत बंद पडला, आणि तो बंद पडल्याचं कळलं ते टेलिफोनमुळे. तासाभराने पुन्हा जमलं म्हणा. पण तक्रारकेंद्राला फोन करण्याची प्रथा किती जुनी आहे ते लक्षात घ्यावं.

त्या जाळ्यात आजच्या राऊटरचे पूर्वज होते. त्यांना ‘इम्प’ म्हणत. आपला राऊटर खिडकीत तुळशीशेजारी मावतो. इम्प म्हणजे चारशे किलोंहून अधिक वजनाचं लोखंडी कपाट. ती बनवणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने इम्पना स्वतःची प्रकृती कळवत राहायची शिस्त लावली होती. त्यामुळे गंमत अशी व्हायची, की देशाच्या दुसऱ्या टोकाची टेलिफोनची तार बिघडली तर ते टेलिफोन कंपनीच्या आधी यांना कळायचं, आणि हे तिला फोन करून तिचीच तार नादुरुस्त असल्याचं सांगायचे. त्या कंपनीच्या माणसांचे चेहरे मी कल्पनेनेसुद्धा पाहू शकतो. ‘तुमचा बॅलन्स चुकलाय’ असं खातेदाराने काउंटरवर सांगितलं, की आमचे असेच होतात.

मात्र शिस्तीची चैनही फार करू नये. २७ ऑक्टोबर १९८० ला हे अख्खं जाळं जवळजवळ चार तास झोपलं. यंत्रातल्या बिघाडामुळे एका इम्पच्या प्रकृतीच्या एकाच पत्रावर तीन निरनिराळे क्रमांक पडले: ८, ४० आणि ४४. नियम असा, की नवं पत्र ठेवावं आणि जुनं टाकावं. ८ पेक्षा ४० नवं, ४० पेक्षा ४४ नवं, आणि आकडे ६३ नंतर फिरून शून्यापासून सुरू होत असल्यामुळे ४४ पेक्षा ८ नवं! झालं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ही तीन पत्रं गोल फिरू लागली आणि इतर कामाला कुणालाच सवड राहिली नाही. (आमच्या विभागीय कार्यालयात हे चार तासांत आटोपत नाही.) एखादा इम्प बंद करून चालू केला तर शेजारचे लगेच तीच पत्रं त्याच्या हातात देत. शेवटी ‘या इम्पकडून येणारी पत्रं वाचूच नका’ अशी ताकीद सगळ्यांना द्यावी लागली. ‘बंद करून चालू करा’ हा उतारा सगळ्या रोगांवर का चालत नाही, ते हे वाचल्यावर मला समजलं. आपल्या यंत्राच्या डोक्यातला गोंधळ त्याने जातो. शेजाऱ्याच्या डोक्यातला जात नाही.

हाकेला ‘ओ’ द्यायचा नियम कागदावर आला तो सप्टेंबर १९८१ मध्ये, जॉन पोस्टेल यांच्या हातून. हाक आली की आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. पण प्रत्यक्ष पिंग लिहिला मेरीलँडमधल्या लष्करी प्रयोगशाळेतल्या माईक म्यूस या पंचविशीतल्या तरुणाने, डिसेंबर १९८३ मध्ये. प्रयोगशाळेचं जाळं विचित्र वागत होतं. म्यूसने रात्री बसून सुमारे हजार ओळी लिहिल्या. पाणबुडी हुडकणाऱ्या सोनारचा आवाज पाण्यातून येतो, ‘पिंग’, तेच नाव ठेवलं. संगणकाच्या गाभ्यात तशी सोयच नव्हती, तीही चिडून स्वतः केली. पहाटेच्या आत सगळं तयार! आणि पहिली हाक सुटायच्या आत एका सहकाऱ्याने बिघडलेला भाग शोधून दुरुस्तसुद्धा केला होता. पुढे म्यूस म्हणायचा, की याच कामाने आपलं नाव होणार हे ठाऊक असतं तर आणखी एक-दोन दिवस त्यावर घालवले असते. २००० साली मोटार-अपघातात तो गेला.

त्यानेच सांगितलेला एक किस्सा आहे. एका जाळेवाल्याने पिंगला आवाज जोडला, कचेरीतल्या स्टिरिओवर तो मोठ्याने सोडला आणि ‘पिंग, पिंग’ ऐकत इमारतभर एकेक वायर हलवत तो फिरला. आवाज थांबला तिथे दोष! हे वाचून मी कन्येला हाक मारली. आमच्याकडे स्टिरिओशिवाय झालं होतं.

१९८८ मध्ये व्हॅन जेकबसनने वाटेतला प्रत्येक टप्पा मोजायची युक्तीही लिहिली. पत्राला आयुष्य द्यायचं एका टप्प्याचं; ते जिथे मरेल तिथला राऊटर ‘इथे मेलं’ म्हणून कळवतो. मग दोन टप्प्यांचं, मग तीन. अशा मरणवार्तांवरून सगळी वाट कळते.

पुढच्या एक तारखेला लिंक गेली. आजी समोर होत्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. संगणकाचं बघणाऱ्या आमच्या अधिकाऱ्याला म्हटलं, “साहेब, कुठपर्यंत आहे ते बघा ना.” त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण बघितलं. शाखेतला डबा ‘ओ’ देत होता. पुढचा टप्पा देत नव्हता. फोनाफोनी झाली. शाळेजवळ रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, त्यात केबल गेली होती.

मी काउंटरवर येऊन म्हटलं, “आजी, आपल्या शाखेपर्यंत आहे, शाळेजवळ तुटलीय. खोदकाम चालू आहे. आज काही व्हायचं नाही. उद्या अकरानंतर या.”

“हे मागच्या खेपेला सांगितलं असतंस, तर माझी दुपार गेली नसती,” त्या पिशवी आवरत म्हणाल्या. मग थांबल्या. “शाळेजवळ म्हणजे त्या पिवळ्या जेसीबीपाशी ना? अरे, येताना पाहिलं की मी. काळी वायर बाहेर आली होती. मला काय ठाऊक, ती तुमची म्हणून!”