हौशी बिनतारी आणि काँग्रेस रेडिओ

दुसरे महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारने हौशी बिनतारीचे परवाने रद्द केले. हातांत मुरलेली विद्या मात्र रद्द होत नाही. मुंबईचे असेच एक हौशी, नरिमन प्रिंटर यांनी ‘चले जाव’च्या दिवसांत भूमिगतांना प्रक्षेपक जुळवून दिला. ऑगस्ट १९४२ मध्ये ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्यामागे होत्या अवघ्या बावीस वर्षांच्या उषा मेहता. जागा बदलत तो नोव्हेंबरपर्यंत टिकला. अटकेनंतर प्रिंटर यांनीच पोलिसांना ठिकाण दाखवले, हेही लपवू नये. उषाताईंनी चौकशीत तोंड उघडले नाही. त्यांना चार वर्षांची कैद झाली. आज बाराव्या वर्षापासून परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो.