पोरांनी काय वाचावं: बंगळुरातल्या एका यादीचा मागोवा

एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या की बंगळुरातल्या ख्रिस्ती घरांत एक यादी फिरू लागते. तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींनी सुट्टीत वाचावीत अशी पुस्तकं वर, आणि खाली चारित्र्य घडवणारे उपक्रम: सुट्टीतली बायबल शाळा, शिबिर, डोंगर चढणं, अनाथाश्रमात आठवडाभर सेवा. मंडळी कुठलीही असो, पुस्तकांची नावं फारशी बदलत नाहीत. जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस', सी. एस. लुइसच्या नार्नियाच्या गोष्टी, कोरी टेन बूमचं 'द हायडिंग प्लेस', एमी कारमायकेलचं चरित्र. पुस्तकं आणि शिबिरं एकाच कागदावर कशी आली, हे सहसा कुणी विचारत नाही. त्या कागदाचं कूळ शोधत गेलं, तर वाट बेडफर्डच्या तुरुंगातून निघते आणि बेळगाव, बंगळूर, नगर, केडगाव अशी फिरते.

बन्यन हा भांड्यांना कल्हई-डाग लावणारा माणूस. सरकारमान्य पाद्री नसताना उपदेश करतो म्हणून 1660 मध्ये त्याला पकडलं आणि जवळजवळ बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात ठेवलं. 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग 1678 मध्ये निघाला. पाठीवर पापाचं ओझं घेतलेला एक माणूस बायकापोरांना मागे टाकून स्वर्गनगरीकडे पळत सुटतो, अशी ती गोष्ट. ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. पण दलदल, राक्षस, किल्ला, जत्रा हे सगळं त्यात असल्यामुळे मुलांनी ती उचलली. रविवारी कादंबरी वाचायला बंदी असलेल्या घरांतही हे पुस्तक चालायचं, हाही एक भाग. लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'मधल्या (1868) चार बहिणी लहानपणी घरभर यात्रेकरूंचा खेळ खेळलेल्या असतात, आणि सगळी कादंबरी त्या खेळाच्या सांगाड्यावर उभी आहे.

हे पुस्तक आपल्याकडे फार लवकर आलं. 1841 मध्ये हरी केशवजींनी ते 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी छापायला त्या वेळी सोळा वर्षं अवकाश होता. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती लागलेल्या पहिल्या लांब कल्पित कथांमध्ये बन्यन आहे. कानडीतही बासेल मिशनच्या पाद्र्यांनी 1840 च्या दशकातच तो आणला. मिशनऱ्यांच्या हिशेबात बायबलनंतर लगेच बन्यनचा नंबर असे.

लंडन मिशनरी सोसायटीचं बंगळूरचं ठाणं 1820 चं, बेळगावचंही त्याच वर्षीचं. या दोन ठाण्यांनी दिलेली माणसं मात्र वेगळ्या जातीची निघाली. बंगळुरात 1837 मध्ये बेंजामिन राइस आले आणि जवळजवळ पन्नास वर्षं शाळा व कानडी पुस्तकं यांतच राहिले. त्यांचा मुलगा बी. एल. राइस म्हणजे कर्नाटकातले हजारो शिलालेख वाचून छापणारा 'एपिग्राफिया कर्नाटिका'वाला. थोरल्या राइस यांच्या नावाचं चर्च आजही अव्हेन्यू रोडवर उभं आहे आणि त्याच रस्त्यावर शहरातली जुनी पाठ्यपुस्तकं विकायला असतात. गाइड, दहावीचे प्रश्नसंच, इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं. बन्यन तिथे सापडेलच असं नाही.

बेळगावने बाबा पदमनजी दिले. 1831 मध्ये त्यांचा जन्म तिथलाच, त्वष्टा कासारांच्या घरातला. गावातल्या मिशन शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले, आणि 1854 मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. 1857 ची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या हालांवरची कादंबरी. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि प्रत्येक मुक्कामावर एका नव्या दुःखाची गाठ पडते. चाल यात्रेचीच आहे, फक्त इथे राक्षस आणि दलदल नाही, तर केशवपन, सासर आणि भाऊबंद आहेत. माझ्या मते ही कादंबरी बन्यनच्या पुढची आहे. बन्यनचा यात्रेकरू स्वतःचा जीव वाचवायला पळतो, यमुना वाटेत थांबून दुसऱ्याचं ऐकून घेते. सोळा वर्षांच्या मुलीने यातलं काय घ्यावं, हे तिला समजावून सांगावं लागणार नाही. पदमनजींचं आत्मचरित्र 'अरुणोदय' (1888) तर जवळजवळ सगळंच कोवळ्या वयातल्या घालमेलीचं आहे: घरचा देवधर्म, शाळेतलं शिक्षण, बापाचा धाक, आणि मधे अडकलेला मुलगा.

दुकानांचीही एक वंशावळ आहे. मद्रासला वेस्लियन मिशनऱ्यांचं एक पुस्तकांचं दुकान होतं. ते तोट्यात गेलं. तिथेच पुस्तकांची देखभाल करणाऱ्या एबल हिगिनबॉथमने 1844 मध्ये ते विकत घेतलं, धर्मग्रंथांच्या जोडीला बाकीचीही पुस्तकं ठेवली, आणि दुकान चाललं. बंगळुरात महात्मा गांधी रस्त्यावर 1905 पासून असलेलं हिगिनबॉथम्स म्हणजे त्याच दुकानाचं लेकरू. त्याच रस्त्यावर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय आहे. नगर, सोलापूर, जालन्यातल्या कुणाही मराठी ख्रिस्ती घरातलं पवित्र शास्त्र उघडून पाहा. प्रकाशकाचा पत्ता बहुधा बंगळूरचा निघेल.

आता यादीचा खालचा भाग. इथे बंगळूरचा संबंध फार जवळचा आहे.

1857 मध्ये थॉमस ह्यूजची 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' ही कादंबरी आली. रग्बीची शाळा, हेडमास्तर डॉ. आर्नल्ड, आणि एका दांडगट पण मनाने सरळ मुलाचं घडणं. मुलांनी वाचायच्या पुस्तकांच्या इंग्रजी यादीत ती शंभर वर्षं होती. तिच्यात एक तरुण मास्तर आहे. शेवटच्या क्रिकेट सामन्याच्या वेळी टॉमशेजारी बसून गप्पा मारतो तो. कादंबरी त्याचं नाव घेत नाही, पण ह्यूजने तो जॉर्ज कॉटनवरून घेतला, हे तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. हेच कॉटन आर्नल्डच्या हाताखाली शिकवून, मग मार्लबरो शाळेचे हेडमास्तर होऊन, 1858 मध्ये कलकत्त्याचे बिशप म्हणून हिंदुस्थानात आले. मार्लबरोत बेशिस्त मुलांना वळणावर आणायला त्यांनी मैदानी खेळांचा आधार घेतला होता. इथे येताच त्यांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं. सिमल्याची शाळा पहिली, बंगळूरची 1865 ची, नागपुरातही त्यांच्या नावाची शाळा आहे. 1866 मध्ये पूर्व बंगालात कुष्टियाजवळ नदीत पडून ते वाहून गेले. सेंट मार्क्स रोडवरून जाताना बिशप कॉटनची पाटी रोज हजारो लोक वाचतात. शाळकरी मुलांच्या आवडत्या कादंबरीतलं एक पात्र त्या पाटीवर आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

पुस्तक आणि मैदान एका दावणीला बांधले गेले ते या माणसांच्या हातून. चारित्र्य वाचून येतं की खेळून, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, दोन्हीतून, आणि वर देवाचं भय. 1883 मध्ये ग्लासगोत विल्यम स्मिथने रविवारच्या शाळेतली द्वाड मुलं कवायतीला उभी करून बॉईज ब्रिगेड काढली. तीत एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात खोटी बंदूक. लखनौला घोडदळात नोकरी सुरू केलेला बेडन-पॉवेल या ब्रिगेडच्या मेळाव्याला गेला, आणि याहून मजेशीर काही करता येईल असं त्याला वाटलं. 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर त्याने पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्यातली काही मुलं ब्रिगेडचीच होती. 'स्काउटिंग फॉर बॉईज' 1908 मध्ये पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्यांनी निघालं. आणि 1909 मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी हिंदुस्थानातलं पहिलं स्काउट पथक उभं केलं, ते बंगळुरात.

त्या पथकात हिंदी मुलांना जागा नव्हती. चारित्र्य घडवण्याची संधी, पण गोऱ्यांना आणि अँग्लो-इंडियनांना. कानडी किंवा तमिळ ख्रिस्ती मुलगा रविवारी त्याच शहरात, त्याच देवापुढे गुडघे टेकायचा, आणि सोमवारी मैदानाच्या बाहेर उभा राहायचा. पुढे ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेत, मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी उत्तरेत हिंदी मुलांसाठी स्वतंत्र पथकं काढली. 7 नोव्हेंबर 1950 ला स्काउटांच्या मुख्य संघटना एक होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली. शाळेतून पालकांना जो 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'चा कागद मिळतो, त्याची एक शाखा इथूनच फुटलेली आहे.

यादीतली पुस्तकं वाचून मुलगा यादीप्रमाणे घडेल, या भरवशावर मात्र फार विसंबू नये. 1896 मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा एकवीस वर्षांचा घोडदळातला पोरगा बंगळूरच्या छावणीत आला. दुपारभर उन्हाने बाहेर पडवत नाही म्हणून त्याने आईकडून पुस्तकं मागवली: गिबन, मेकॉले, प्लेटो, डार्विन. पोलो आणि पुस्तकं, म्हणजे कॉटनच्या सूत्राप्रमाणेच सगळं. पण त्या वाचनात त्याची श्रद्धा पार डळमळली, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. अभिजात पुस्तक कुणाच्या बाजूने बोलायला बांधलेलं नसतं. हे मान्य नसेल त्याने याद्या करू नयेत.

एमी कारमायकेल यादीत हमखास असते, आणि तिचाही या गावाशी संबंध आहे. 1895 मध्ये ती हिंदुस्थानात आली ती बंगळुरातच. लवकरच तिरुनेलवेलीकडे गेली, आणि दोह्नावूरला देवळांना वाहिलेल्या मुलींना आसरा देत 1951 मध्ये तिथेच गेली. तिची चरित्रं इंग्लंड-अमेरिकेत लिहिली गेली आणि तिकडून फिरून इकडच्या मुलांच्या हातात आली. ती वाचायला हरकत काहीच नाही. पण त्याच काळात, त्याच कामात, तिच्याहून अवघड आयुष्य जगलेली एक बाई होती. ती मराठी होती, आणि जन्मली होती आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात. पंडिता रमाबाई. तिचं नाव या याद्यांवर नसतं.

दुष्काळाने उघड्या पडलेल्या मुलींना रमाबाईंनी 1896-97 मध्ये मध्य प्रांतातून केडगावला आणलं. तिथे कवायत नव्हती, बिल्ले नव्हते. विहिरी खणणं, शेत, माग, दूध, आणि छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत उतरवलं आणि त्याचे खिळे जुळवले ते या मुलींनी. कालपर्यंत अक्षरओळख नसलेल्या मुली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, त्यानंतर ते बायबल छापून पूर्ण झालं. चारित्र्य घडवण्याची संधी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? मुलाला एका सुट्टीत आठवडाभर अनाथाश्रमात नेऊन फोटो काढण्यात आणि त्याच्या हाती खरं, पूर्ण करावंच लागेल असं काम देण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंगळूरच्या मंडळ्यांनी बेडन-पॉवेलचं शिबिर उचललं, केडगावचा छापखाना नाही उचलला.

मराठी मुलांना वाचायला काय मिळत होतं? अमेरिकन मराठी मिशनचं 'बालबोधमेवा' हे मासिक 1870 च्या दशकात निघालं आणि शब्बाथशाळेच्या पोरांबरोबर हिंदू घरांतली पोरंही ते वाचत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांचाही त्यात हात होता. टिळकांचं नगरचं घर हीच एक शाळा होती. कुणीही यावं, राहावं, जेवावं. बालकवी ठोंबरे हा हिंदू मुलगा तिथे घरच्यासारखा राहिला, आणि त्याचा धर्म कुणी बदलला नाही. हे सगळं लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. 1895 मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर उन्मळून पडलेली, सोवळं-ओवळं पाळणारी बाई स्वतःच्या गतीने, स्वतःशी भांडत पाच वर्षांनी त्याच वाटेवर येते, आणि ते सांगताना स्वतःवर हसते. उपदेशाचा एक शब्द नाही. एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला विश्वास म्हणजे काय हे दाखवायचं असेल, तर मी त्याला आधी हे पुस्तक देईन, लुइस नंतर.

अडचण मला दिसते. बंगळुरात वाढलेलं मराठी ख्रिस्ती पोर कानडी बोलतं, इंग्रजीत विचार करतं, आणि मराठी फक्त आजीशी. 'अरुणोदय' त्याच्या हाती दिलं, तर दहा पानांत मिटवून ठेवील. मग वाचून दाखवा. जेवणानंतर अर्धा तास, आजीने किंवा बापाने. तेही जमत नसेल तर शांता गोखले यांनी केलेलं 'स्मृतिचित्रे'चं 2017 मधलं इंग्रजी भाषांतर आहे. चर्च स्ट्रीटवरच्या दुकानात मागा, नसेल तर मागवून घ्या. बन्यन यादीत राहू द्या, त्याचा मान मोठा आहे. त्याच्या वर लक्ष्मीबाई आणि बाबा पदमनजी यांची नावं लिहा, आणि या सुट्टीत तेवढं तरी करा.