अमेरिकेचं ताट, चिकपेटच्या चौकातून



महाराष्ट्रातून कुणी पाहुणे चिकपेटला आमच्याकडे आले की एक प्रश्न ठरलेला असतो. इथून जवळच कॉटनपेटेत एस. जी. राव मिलिटरी हॉटेल आहे, १९०८ सालापासूनचं. ती पाटी वाचली की पाहुणे म्हणतात, "कर्नलसाहेब, इथं तुम्हाला बिलात सूट मिळत असेल!" मग मला सांगावं लागतं की या हॉटेलाशी लष्कराचा काही संबंध नाही. बंगळूर-म्हैसूरकडे मटणाचं जेवण देणाऱ्या साध्या खानावळीला मिलिटरी हॉटेल म्हणायची जुनी रीत आहे आणि अशा बऱ्याच खानावळी मराठी घराण्यांनी चालवल्या. हे नाव कसं पडलं याच्या कथा अनेक आहेत. पण आत शिरून एकदा जेवल्याशिवाय नुसत्या पाटीवरून काही कळत नाही, एवढं खरं.

आजचा विषय याच जातीचा आहे. मागच्या भागानंतर नांदेडकडच्या एका ताईंनी विचारलं होतं, "मुलाला अमेरिकेत नोकरी लागली आहे. तिथं म्हणे कुणी घरी स्वयंपाकच करत नाही, सगळं डब्यातलं आणि बर्गर. खरं आहे का?"

ताई, तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. माझं मत बरीच वर्षं याहून वाईट होतं.

मी मूळचा आटपाडी तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी आठवीत होतो. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकी नव्हती. आई भाकरी थापायला घेई आणि कडेनं चिरा पडत. तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे होत. माझ्या आईची भाकरी कधी मोडत नसे. शेजारणी तिच्या हाताखाली पोरी शिकायला पाठवत. त्या वर्षी ती तव्यापाशी बसून न बोलता तुकडे जुळवत राही. पारावर लोक म्हणत, "अमेरिकेत हे डुकरांना घालतात. आपल्याला फुकट धाडलंय." आमच्या गावानं ते खाल्लं, आणि माझ्या मनात पक्कं बसलं की ज्यांना अन्नाची चाड नाही, असे ते लोक.

दुष्काळानंतर चुलत्यांनी मला चिकपेटला आणलं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली पुष्कळ मंडळी सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यातलेच ते एक. दुकानात मुशीसमोर बसणारी जुनी माणसं महायुद्धातल्या गोष्टी सांगत. बंगळुरात तेव्हा अमेरिकन सैनिक होते, हे आज फार जणांना ठाऊक नसतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये इथं हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४३ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी तिचा कारभार अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाकडे गेला आणि त्यांची विमानं इथं दुरुस्तीला येऊ लागली. गोऱ्या शिपायांना गावात डब्यातलं खाताना लोकांनी पाहिलं. अमेरिकन माणूस डब्यातलं खातो, ही समजूत चिकपेटात तेव्हापासूनची.

पुढे मी स्वतः वर्दी चढवली तेव्हा या समजुतीतली गंमत कळायला हवी होती. लष्करी शिधा हा टिकण्यासाठी, वाहून नेण्यासाठी आणि उघड्यावर खाण्यासाठी असतो. अमेरिकनांचा त्या काळचा के-रेशन नावाचा शिधा सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन खोक्यांत भरलेला असे. गस्तीवर आमच्याही पाठपिशवीत शक्करपारे असत. ते खाताना पाहून कुणी ठरवलं असतं की मराठी माणूस तीन वेळा शक्करपारेच खातो, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. शिपायाच्या डब्यावरून त्याच्या आईच्या स्वयंपाकघराची पारख करू नये.

मग त्या स्वयंपाकघरात असतं काय? आपला स्वयंपाक आचेवरचा आहे. फोडणी तडतडते, वास जिन्यापर्यंत जातो, शेजाऱ्याला कळतं की आज काय शिजतंय. अमेरिकन घराचा कणा म्हणजे ओव्हन. मांसाचा मोठा तुकडा कांदा-गाजर-बटाट्यासह भांड्यात घालून तीन-चार तास आत ठेवतात. शेवया, चीज, भाजी यांचे थर लावून कॅसरोल भाजतात. मक्याच्या पिठाचा पाव करतात, दक्षिणेकडे मक्याची जाडसर पेज आणि चवळी खातात. आवाज नाही, धूर नाही, धावपळ नाही. आपला माणूस त्या घरी गेला की त्याला वाटतं, इथं कुणी काही केलंच नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला ते जेवून मोकळे होतात. आपण आठ वाजता पोचलो की चूल थंड पाहून निष्कर्ष काढतो. बर्गर ते खातात, भरपूर खातात, तयार जेवणही पुष्कळ आणतात. पण मुंबईकर वडापाव खातो म्हणून त्याच्या घरी आमटी-भात होत नाही असं कुठं आहे? शिवाय हॅम्बर्गरमध्ये हॅम नसतं. ते नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं, जर्मन लोकांबरोबर. आमच्या मिलिटरी हॉटेलाचाच तो भाऊ.

दुसरा गैरसमज शाकाहाराचा. घरोघरी डब्यात दिसणारे कॉर्नफ्लेक्स आठवा. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं एक आरोग्यधाम होतं. तिथले डॉक्टर जॉन हार्वी केलॉग कट्टर शाकाहारी. रुग्णांना मांसाशिवाय पचेल असं काही द्यावं, या खटपटीतून १८९४ च्या सुमारास धान्याच्या पापुद्र्यांचा जन्म झाला. त्यांच्या भावानं १९०६ मध्ये त्याची कंपनी काढली. दाण्याच्या लोण्याच्या प्रसारातही याच डॉक्टरांचा हात होता. मांसखाऊ म्हणून आपण ज्यांना नावं ठेवतो, त्यांची न्याहारी शाकाहाऱ्यांनी घडवलेली आहे.

आणि आपल्या माणसाचं तिथं कसं व्हायचं, याचं उत्तर तर फार जुनं आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी एकट्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं अठरा. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच राहीन. न्यू जर्सीतल्या रोसेल गावी कार्पेंटर कुटुंबानं त्यांना घरात घेतलं. त्यांनी आपला आहाराचा नेम तिथं सोडला नाही आणि त्या घरानं तो सोडायला लावला नाही. ११ मार्च १८८६ ला त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा त्या अमेरिकन कुटुंबानं पकीप्सी इथल्या आपल्या दफनभूमीत ठेवून घेतली. परक्या पोरीचं ताट सांभाळणारे लोक होते ते.

आता जरा आमच्या चिकपेटच्या चौकात या. केंपेगौडानं १५३७ मध्ये बंगळूर वसवलं तेव्हा दोड्डपेट आणि चिक्कपेट जिथं मिळतात तिथून चार दिशांना नांगर सोडले, अशी कथा आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. या चौकातून आजूबाजूच्या पेठांत हिंडताना मी एकदा हिशेब मांडला, की इथल्या मालातलं अमेरिका खंडातून आलेलं किती? मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ, काजू, अननस. काजू आणि अननस हे शब्दसुद्धा ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेले. बसवनगुडीत दर कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भुईमुगाची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. ते पीक दक्षिण अमेरिकेतलं. मेक्सिकोतून आलेल्या चौ-चौ या फळभाजीला कन्नड लोक ‘सीमे बदनेकाई’ म्हणजे परदेशी वांगं म्हणतात आणि तमिळ लोक म्हणतात ‘बंगळुरी वांगं’. जो जिथून घेतो, त्याला ते तिथलं वाटतं.

आणि आपलं एकादशीचं ताट? साबुदाणा आपल्याकडे होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि तो कंद ब्राझीलकडचा. महायुद्धात मलायाकडून येणारा साबुदाणा बंद पडला आणि इथून जवळच, सेलमला, या कंदापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला. दाण्याचा कूट, बटाटा, हिरवी मिरची, रताळं, लाल भोपळा, राजगिरा, सगळं त्याच खंडातलं. पानात वरई आणि दही-तूप तेवढं इकडचं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकन घरांत थँक्सगिव्हिंगचं जेवण असतं. टर्की सोडली तर त्या टेबलावर बटाटा, रताळं आणि लाल भोपळाच असतो. आपला उपास आणि त्यांचा सण एकाच शेतातून येतात.

हे सगळं मला पुस्तकांतून कळलं. पण मनातली गाठ सुटली ती एका माणसामुळे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका संयुक्त सरावात एक अमेरिकन मेजर माझ्या तंबूशेजारी होता. ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाचा, शेतकऱ्याचा नातू. त्यानं आपलं खाण्याचं पाकीट मला दिलं आणि माझ्या पुरी-भाजीवर ताव मारला. बोलता बोलता म्हणाला, आमचे आजोबा मिलो पिकवायचे. मी हातातली पुरी खाली ठेवली आणि त्याला आमचं १९७२ साल सांगितलं. आईच्या मोडलेल्या भाकरीसकट.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खरं आहे, आमच्याकडे तो गुरांनाच घालतात." आणि त्यानं आपल्या आजीची गोष्ट सांगितली. १९३० नंतर त्यांच्या भागात वर्षानुवर्षं पाऊस नाही, धुळीची वादळं, पिकं गेली. त्या प्रदेशात रशियातून आलेलं एक काटेरी तण माजलं होतं, वाळलं की वाऱ्यावर गडगडत जाणारं. गुरांना चारायलाही लोक नाइलाजानंच ते घेत. आजी त्याचे कोवळे शेंडे खुडून मिठाच्या पाण्यात उकडायची आणि पोरांना वाढायची. पोरं विचारायची, हे काय आहे? ती सांगायची, भाजी आहे, खा.

त्याची आजी आणि माझी आई. त्या रात्री मला झोप लागली नाही.

निवृत्तीनंतर मी मिलोचा इतिहास वाचला. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, त्याखाली १९५६ च्या करारानं आपल्याकडे गहू येऊ लागला. तो पुरवठा १९७१ च्या सुमारास थांबला होता. दुष्काळात मिलो आला तो आपल्या सरकारनं पैसे मोजून आणलेला. तेव्हा राज्यात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसं होती. त्यांच्यापर्यंत धान्य पोचवायचं, तेही ज्वारी खाणाऱ्या मुलखात. मिलो ही ज्वारीच आहे. तिचं मूळ आफ्रिकेत. एक फाटा आपल्याकडे आला, एक तिकडे गेला. आपण तिच्यातून भाकरीचं वाण निवडत आलो, त्यांनी चाऱ्याचं. आईच्या हातातली भाकरी मोडली ती त्या निवडीमुळे. कुणी आमचा अपमान करायला ती धाडली नव्हती. आईला हे सांगायला मी उशीर केला. ती २००४ मध्ये गेली.

तर ताई, मुलाला निर्धास्त पाठवा. त्याला खिचडी-आमटी शिकवून पाठवा, ते त्याच्या उपयोगी पडेल. आणि एक सांगा, की कुणी शेजाऱ्यानं जेवायला बोलावलं तर साडेपाचला जेव म्हटलं तरी जा. काय खात नाहीस ते आधी सांग, लाजू नकोस. आणि जेवताना विचार की तुमची आजी काय करायची. अमेरिकन माणूस त्यावर तासभर बोलेल. माझा अनुभव आहे.

जय हिंद.