विमानताफ्याची उपयोगिता आणि नागपूरची रात्र-टपाल सेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

एखाद्या कंपनीजवळ विमाने किती, असे सामान्य माणूस विचारतो. हिशेबनिसाला मात्र ती विमाने वर्षभरात किती तास हवेत होती, हे पाहावे लागते. आज संगणकावर प्रत्येक उड्डाणाची नोंद होते आणि तिच्या पृथक्करणास ‘डेटा ॲनालिटिक्स’ म्हणतात. भारतात हा विचार त्यापूर्वी कितीतरी आधी कागदावरच्या आकडेमोडीने झालेला आहे. १९४६ ते १९५३ या कालखंडातील त्या विचाराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विमाने उदंड, तास थोडे :

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची जादा ठरलेली डकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. १९४६ मध्ये परवाना मंडळ स्थापन झाले आणि परवान्यांची खैरात झाली. मार्ग मोजके, प्रवासी त्याहून मोजके. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या अल्पावधीतच बंद पडल्या. विमान स्वस्त मिळाले म्हणून ते बाळगणे स्वस्त होत नाही. घसारा, विमा, वैमानिकांचे वेतन, हँगरचे भाडे हा खर्च विमान जमिनीवर असतानाही चालूच राहतो. उदाहरणादाखल एका विमानाचा असा वार्षिक खर्च १,२०,००० रुपये मानू. ते वर्षात १,००० तास उडाले, तर ताशी १२० रुपयांचा बोजा पडतो. २,००० तास उडाले, तर तोच ६० रुपयांवर येतो. आपल्याकडील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गोठ्यात उभी असलेली बैलजोडीही वैरण खातेच.

न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीने १९५० मध्ये याच अंगाने या व्यवसायाची तपासणी केली. वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांचे विलीनीकरण करून चारच ठेवाव्यात आणि राष्ट्रीयीकरण तूर्त पाच वर्षे लांबणीवर टाकावे, असे तिचे मत पडले. कायद्याच्या माणसाने जमाखर्चाच्या वाटेने व्यवसायाचे दुखणे ओळखले, हे विशेष म्हटले पाहिजे. विलीनीकरण मात्र झाले नाही.

मध्यरात्रीचे सोनेगाव :

दरम्यान दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९४९ रोजी रात्र-टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई.

या योजनेतील गणित साधे आहे. चार शहरांच्या जोड्या सहा होतात; त्यांच्यात थेट सेवा द्यायची, तर रात्री १२ उड्डाणे हवीत. नागपूर मध्ये घेतल्यावर तेच काम आठ उड्डाणांत होते. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. डकोटाच्या वेगाने जाऊन-येऊन पाच-सहा तास लागत. म्हणजे एरवी विमाने जमिनीवर उभी राहत त्या वेळी हे काम होत होते. १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रेही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागल्याने थैल्यांची वाण पडली नाही.

जे. आर. डी. टाटा यांचा मात्र या सेवेस विरोध होता. रात्री उड्डाण करण्यासाठी लागणारी मार्गदर्शक साधने पुरेशी नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. त्यामागे व्यावसायिक नाराजी असेलही, पण तो उडवून लावण्यासारखा नव्हता. सुरुवातीला हे काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे होते. काही महिन्यांतच सेवा खंडित झाली आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा सुरू केली. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या वाट्याला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा होती. त्याच वर्षी १२ डिसेंबरला रात्र-टपालाचे एक डकोटा नागपूरहून उडताच कोसळले आणि १३ जणांचा बळी गेला. रात्रीच्या तासाची किंमत ताशी खर्चाच्या तक्त्यात पूर्णपणे उतरत नाही. तरीही ही सेवा पुढे १९७३ पर्यंत चालली.

खानदेशच्या संदर्भात :

जळगावचे विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाले. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे लहान विमान तेथे येऊ लागले, पण मुंबईत उतरण्यास सोयीची वेळ मिळणे कठीण होते आणि सेवा विस्कळीत होऊन थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली. २०२२ मध्ये त्या कंपनीचीच उड्डाणे बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ने गोवा व हैदराबादकडे सेवा सुरू केली. या घडामोडींची चर्चा आपल्याकडे प्रवासी मिळतात की नाहीत, एवढ्यावरच अडते. जळगावला उतरलेले विमान त्या दिवशी आणखी कोठे कोठे जाते व किती तास उभे राहते, याचा तक्ता मागणारे निवेदन अद्याप तरी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले नाही.