गर्भावस्थेतील मधुमेह

गरोदरपणात प्रथमच आढळणारी रक्तशर्करेची वाढ. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. स्वादुपिंडाला ती तूट भरून काढता आली नाही, तर साखर वाढते. अतिरिक्त वजन आणि कुटुंबातील मधुमेह यांमुळे धोका वाढतो.

निदान : भारतात पहिल्या तपासणीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात; उपाशी असण्याची अट नाही. १४० मिग्रॅ./डेलि. किंवा अधिक साखर हे निदान ठरते.

परिणाम : बाळाचे वजन फार वाढणे, अवघड प्रसूती, मातेचा उच्च रक्तदाब, जन्मानंतर बाळाची साखर घसरणे.

उपाय : ‘दोन जिवांचे खा’ या आग्रहाने दुप्पट जेवणे गैर, तसेच उपाशी राहणेही घातक. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक असा आहार थोडा थोडा विभागून घ्यावा व जेवणानंतर चालावे. साखर आटोक्यात न आल्यास मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन देतात. गरोदरपणापूर्वीचे वजन प्रमाणात असल्यास गरोदरपणातील एकूण वजनवाढ साधारण ११.५ ते १६ किलो अपेक्षित असते.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते. तरी सहा आठवड्यांनी फेरतपासणी आवश्यक, कारण पुढे मधुमेह जडण्याची शक्यता राहते.